साडेअकरा किलोमीटरवर

ओल्फा भांडायला निघाली होती, आणि तिच्या हातात एक डबी येऊन पडली.

एप्रिल नुकताच लागला होता. ट्यूनिसच्या बाहेर, टेकडीवरच्या त्या वेधशाळेत नारिंगाच्या फुलांचा वास भरून राहिला होता. वारा मात्र सकाळपासून पिसाळलेला. मागच्या अंगणात एक उंच माणूस आपल्याहून मोठ्या पांढऱ्या फुग्याशी झटापट करत होता. पावलांचा आवाज ऐकून त्यानं मागे न बघताच दोरीला लटकलेली, वारा मोजणारी ती डबी तिच्या हातात दिली.

"धरा. मी म्हणेन तेव्हा सोडायची. आधी सोडलीत तर शिव्या दोघांनाही बसतील."

"अहो, मी तिसऱ्या मजल्यावरची—"

"वाऱ्याला मजले कळत नाहीत, बाईसाहेब. सोडा!"

तिनं सोडली. डबी हातातून निसटली, अंगणाच्या भिंतीवरून तिरकी गेली आणि वर… वर… फुग्याचा ठिपका होईपर्यंत ओल्फा मान वर करून उभी राहिली. चार वर्षं ती आकाशाचं गणित मांडत होती. आकाशाकडे इतका वेळ बघितल्याचं तिला आठवेना.

मग तिला तक्रार आठवली. त्याची वाऱ्याची नोंद रोज बारा मिनिटं उशिरा येते, असं तिनं सांगितलं. त्यानं गंभीरपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे रोज बारा मिनिटं कोणीतरी माझी वाट बघत असतं तर," तो म्हणाला.

त्याचं नाव मेहरेज. नाबुलचा. त्याची आई दर वसंतात नारिंगाच्या फुलांचा अर्क काढायची आणि त्याची एक छोटी बाटली कायम त्याच्या खिशात असायची. त्या दिवशी त्यानं तिला न विचारताच तिच्या कॉफीत चार थेंब टाकले. ओल्फाला आपल्या कॉफीत कोणी काही टाकलेलं खपत नसे. तिनं कप रिकामा केला.

मग ती रोज सव्वाबाराला खाली येऊ लागली. डबी धरायला माणूस लागतो, हे कारण दोघांनाही पुरेसं वाटत होतं. आठवड्याभरात 'तुम्ही' गळून पडलं. एकदा उरलेला दोरा त्यानं तिच्या मनगटाभोवती गुंडाळून घट्ट गाठ मारली.

"हे काय?"

"वारा आहे. उडून गेलीस तर… परत मागायचं कोणाकडे?"

तिनं गाठ चाचपली. दोरा सोडला नाही.

तू वर नक्की करतेस काय, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं कपाच्या काठावर बोट ठेवून समजावलं. ढग, पाऊस, वादळं जिथे संपतात, तिथे हवामानाचं जणू छप्पर असतं. त्याच्याखालून जोराचा वारा धावतो. कधीकधी त्या सीमेवर हवेच्या लाटा उठतात आणि फुटतात. ढग नाही, काही नाही, आणि जाणाऱ्या विमानाला अचानक लाथ बसते. ते फुटणं ती संगणकात घडवून बघत होती.

"आणि फुटते का तुझी हवा?"

"अजून नाही. फार शांत असते."

"तुझ्यावर गेलीय," तो म्हणाला.

मेहरेजचं काम कराराचं होतं. मे अखेरीस करार संपणार होता. वाढवायचा की नाही, हे प्रमुख लमीनसाहेब, सगळ्यांचे 'सी लमीन', ठरवणार होते. नाही वाढवला तर समुद्रापलीकडे मार्सेयला चुलतभावाच्या शीतगृहात मासळीची खोकी मोजायची. तिथे खिडकी नाही, असं तो हसत सांगायचा. पण सांगताना बाटलीचं बूच उघडत-लावत बसायचा.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी त्याच्या फुग्यानं भलतीच नोंद पाठवली. साडेअकरा किलोमीटरवर वाऱ्याची रेघ करवतीसारखी झाली होती. मेहरेज धावत तिसऱ्या मजल्यावर आला. "फुटली गं! तुझी हवा फुटली!"

सी लमीनना मात्र शंका आली. असं वेडंवाकडं त्यांनी यापूर्वी बघितलं नव्हतं. फुगा कमी भरला असेल, डबी नीट तपासली नसेल. त्यांनी ओल्फाला त्या दुपारचं आकाश संगणकात घडवून मत लिहून द्यायला सांगितलं. तिनं तीन वेळा घडवलं. तिन्ही वेळा साडेअकरा किलोमीटरवर हवा तळ्यासारखी स्थिर.

मेहरेज दारात उभा होता. "डबी मी दोनदा तपासली होती, ओल्फा. तुला काय वाटतं?"

"वाटण्याचा प्रश्नच नाही," ती म्हणाली, आणि लिहिलं: नोंद विश्वासार्ह दिसत नाही. खाली सही केली. सही करताना मनगटावरचा दोरा कागदाला घासला.

त्याचा करार वाढला नाही. तो भांडला नाही. फक्त सव्वाबाराला तिच्याकडे डबी देईनासा झाला; भिंतीच्या खुंटीला अडकवायचा आणि एकटाच सोडायचा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ओल्फा संगणकातल्या जुन्या आज्ञावल्या आवरत होती. एका ओळीवर तिची नजर थांबली.

संगणकातल्या आकाशाला कुठेतरी शेवट द्यावा लागतो. वर जाणाऱ्या लाटा त्या शेवटावर आपटून परतू नयेत म्हणून तिथे एक थर घालतात, तो लाटा पिऊन टाकतो. सगळे त्याला स्पंज म्हणतात. ओल्फाचा स्पंज मुळात अठरा किलोमीटरच्या वर होता. जानेवारीत गणित सारखं कोसळत होतं, म्हणून तिनं तो दोन दिवसांपुरता अकरावर आणला होता. गणित चाललं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि स्पंज तिथेच राहिला. तेव्हापासून तिचं आकाश प्रत्येक लाट उठायच्या आधीच पिऊन टाकत होतं.

तिनं आकडा बदलला. रात्रभर यंत्र चालत राहिलं. शेवटी पडद्यावर साडेअकरा किलोमीटरवर लाटा उठल्या, वाकल्या, फुटल्या… त्याच्या करवतीचा दातन् दात जुळत होता.

सी लमीननी चित्र बराच वेळ बघितलं. कागदावर दुरुस्ती मान्य केली. मग चष्मा काढून म्हणाले, "पोरी, जागाच काढून टाकलीय आता. फुगे बंद झाले. परत कुठे बसवू त्याला?" आणि हळूच सांगितलं, की त्याची बोट आजच आहे.

ला गुलेतच्या धक्क्यावर रांगेत मेहरेज एका सुटकेसवर बसला होता. तिनं चित्र त्याच्या हातात दिलं. त्यानं फुटलेल्या लाटेवरून बोट फिरवलं. चेहरा क्षणभर त्या पहिल्या दिवसासारखा उजळला.

"हीच," तो म्हणाला. "कधी कळलं?"

"आज सकाळी. चूक माझी होती. स्पंज…"

"आणि कालपर्यंत? कालपर्यंत काय वाटत होतं तुला?"

एक शब्द पुरला असता. रांग सरकत होती. ओल्फानं समुद्राकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"कालपर्यंत मला वाटत होतं, तू चुकलास."

त्यानं मान हलवली. "खोटं बोलायला शीक गं कधीतरी. बोलली असतीस, तर ही बॅग घेऊन मी मागे फिरलो असतो."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर, मेहरेज. हे मी कशातही घडवून बघितलेलं नाही."

तो उठला. खिशातली बाटली काढून त्यानं तिच्या मुठीत ठेवली आणि मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. अंगठा मनगटावरच्या दोऱ्याशी थांबला. गाठ सुटते का, ते त्यानं बघितलं नाही.

"रोज बारा मिनिटं उशीर माझा असायचा," तो म्हणाला. "या वेळी तुझा झाला."

चित्र त्यानं घडी घालून छातीशी ठेवलं, आणि तो गेला. बोटीच्या शिडीवरून त्यानं वळून बघितलं की नाही, ते तिला कळलं नाही. मध्ये फार माणसं होती.

सव्वाबारा वाजले. ओल्फाची मान सवयीनं वर गेली. आकाश निळं, निवांत होतं. कुठेही पांढरा ठिपका नव्हता. ती तरीही बघत राहिली, फुगा ठिपका व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ… आणि मग त्याहून थोडा जास्त.