अक्काच्या गुडघ्यांसाठी गाडी

"अक्का, खरं सांग हां. मागे कसं वाटतंय?"

शेषाद्रीनं स्टिअरिंग न सोडता मान वळवून विचारलं आणि महालक्ष्मीअक्का पेचात पडली... कारण खरं सांगायचं तर तिचे गुडघे हनुवटीपाशी पोचले होते, डावीकडून भावजय जयश्रीचं कोपर बरगडीत रुतलं होतं, उजवीकडून भाची चैत्राची पिशवी, आणि पायांखाली बरोबर मधोमध गाडीच्या तळाला असा उंचवटा होता की त्यावर पाय ठेवावेत की त्याला नमस्कार करावा, हेच कळत नव्हतं. पण धाकट्या भावाच्या डोळ्यांत ती चमक होती, पॉलिटेक्निकचा निकाल लागला त्या दिवशीची... ती मोडायचं पाप कोण करणार?

"ऐसपैस आहे रे," अक्का म्हणाली.

गाडी घ्यायची ती अक्कासाठीच, हे कुंभकोणमच्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. दर गुरुवारी तंजावरच्या डॉक्टरकडे जायचं तर बसच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. म्हणून छोटीशी, स्वस्त, पेट्रोल कमी पिणारी, गल्लीत वळेल अशी गाडी. शोरूमचा साईराम चाचणीसाठी गाडी घेऊन दारात आला होता. त्याला वाटलं होतं पंधरा मिनिटं. शेषाद्रीनं पंपावर टाकी काठोकाठ भरून घेतली आणि म्हणाला, "कंपनी लिटरला बावीस किलोमीटर सांगते. बावीस दाखव, मी सही करतो." साईरामला गाडी सोडून जायची परवानगी नव्हती. तो पुढच्या सीटवर टाय सैल करून बसला आणि नशिबाच्या हवाली झाला.

साक्कोट्टैपर्यंत जाऊन आले. समोरच्या पडद्यावर आकडा आला सतरा.

"एसी बंद," शेषाद्री म्हणाला.

तिरुवलंचुळीला साडेसतरा झालं. मग त्यानं काचाही बंद करायला लावल्या, वारा आत शिरला की गाडी अडते म्हणून. मे महिना. साईरामच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलं. मग पाण्याचा कॅन रस्त्याकडेला ओतला. मग जयश्रीनं केलेल्या पुळियोदरैचा, चिंचेच्या भाताचा डबा.

"खाऊन टाका सगळे. दोन किलो तरी कमी होईल."

"अप्पा," चैत्रा तोंडात घास धरून म्हणाली, "डब्यातला भात पोटात गेला तर तो गाडीतच राहिला ना? अर्धा तर साईरामसारांच्या आत आहे."

"उगी राहा. इंजिनिअर तू की मी?"

इन्नंबूरच्या फाट्याला अठरा. दोन्ही बाजूंना भातशेतं, सरळ मोकळा रस्ता, कडेला एक देऊळ, आणि गाडीत सगळ्यांच्या मनात एकच हिशोब... आता उतरवायचं कुणाला? साईरामला उतरवता येत नव्हतं. चैत्रा मोबाइलवर आकडे टिपत होती. जयश्रीला उतर म्हणायला जे धैर्य लागतं ते शेषाद्रीत लग्नापासूनच नव्हतं.

"मी उतरते," अक्का म्हणाली. कुणी काही म्हणायच्या आत. नेहमीसारखीच. "देवळात बसते. एक फेरी मारून या."

"वन्सं, उन्हाचं कशाला..." जयश्री म्हणाली, पण तोवर तिनं दार उघडून दिलं होतं.

देऊळ बाराला बंद झालं. पुजारी गुरुक्कलनी कुलूप लावताना तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, कोणी येणार आहे का?"

"येईल. भाऊ गेलाय, आत्ता येईल."

ती बाहेरच्या पायरीवर बसली. पिशवी गाडीत, पिशवीत फोन. पहिली पंधरा मिनिटं तिनं शेषूची बाजू मांडली. वाटेत रेल्वेचं फाटक पडलं असेल. दुसरी पंधरा मिनिटं तिनं गाडीची बाजू मांडली. मग बाजू मांडायला कुणी उरलं नाही आणि थकवा आला... उन्हाचा नव्हे, फार जुना, हाडांत मुरलेला.

त्यांचे वडील गेले तेव्हा ती एकोणीसची, शेषू अकराचा. टेलिफोन खात्यात वडलांच्या जागी ती लागली, एकतीस वर्षं लोकांचे फोन एकमेकांना जोडून देत राहिली. त्याला सायकलवर मागे बसवून शाळेत सोडायची. कावेरीच्या पुलाचा चढ लागला की ती खाली उतरून सायकल ढकलायची आणि तो वर बसून घंटी वाजवायचा. तेव्हा कुणी तिला उतर म्हटलं नव्हतं. मग आता तरी कुणाला दोष द्यायचा? आपणच शिकवलं त्याला, अक्का उतरली की गाडी पुढे जाते...

पावणेदोनला गाडी आली. चालवत शेषाद्री, शेजारची सीट रिकामी; जयश्री आणि चैत्रा शोरूममध्येच थांबल्या होत्या. मागे, बरोबर मधोमध, शेषाद्रीनं अक्काच्या जागी बसवलेला, घडी घालून ठेवल्यासारखा साईराम. एसी चालू.

शेषाद्री समोर येऊन उभा राहिला.

"बावीस झालं का?" अक्कानं विचारलं.

"बावीस पूर्णांक चार." आणि पन्नाशीचा तो बाप्या ढसाढसा रडायला लागला.

"मग रडतोस कशाला? चांगलं आहे की."

"आकडा चढला नि मला काही सुचेना. तो उतरायच्या आत पंपावर पोचून पेट्रोल मोजलं पाहिजे म्हणून तसाच गेलो. तेथून शोरूम. जयश्री समजली सही झाली की मी तुला आणायला जाणार, चैत्रा समजली तू रिक्षानं घरी गेलीस... सही करायला बसलो. हा साईराम पुसला, घरात सगळ्यांना पसंत ना? मी मागे वळून म्हटलं, अक्का, तू सांग..." त्यानं डोळे पुसले. "मागे कोणीच नव्हतं."

अक्कानं पदरानं कपाळाचा घाम टिपला. "शोरूममध्ये काय दिलं खायला?"

"लाडू."

"खाल्लास?"

"...एक."

"शेषू."

"दोन."

"बरं. आता पूस."

"काय?"

"मागे वळून पुसणार होतास ते."

तो पायरीवर तिच्या शेजारी बसला. "अक्का, गाडी कशी आहे?"

"मधली जागा ही जागाच नाही. तेथे माणूस बसत नाही, अडकतो. सकाळपासून मी खोटं बोलते आहे. आणि सकाळपासूनच कशाला... तू पुसायचास, मी बरं आहे म्हणायची, तू सही करायचास. लबाडी माझी. पण तूही कधी दुसऱ्यांदा पुसला नाहीस."

"नको घेऊ मग?"

"घे. इंजिन शांत आहे, वळते छान, आवाज नाही. चार माणसांची गाडी आहे. आपल्या घरात चार माणसं आहेत. एक मी." ती थांबली. दम लागला होता. "गुडघे लांब करता येतील तेथे बसणार. पुढे. जयश्रीला तू सांगायचं."

शेषाद्रीचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यानं मान हलवली. "सांगतो."

"अम्मा बोलतात ते खरंय सार," काचेतून साईरामचा क्षीण आवाज आला. "तीन वर्षं ही गाडी विकतोय. मागे आज पहिल्यांदा बसलो. माझा उजवा पाय कोठे आहे, मला कळत नाही."

शेषाद्रीनं पुढचं दार उघडलं, सीट होती नव्हती तेवढी मागे सरकवली. साईराम कण्हला. अक्का दाराला धरून आधी पाठमोरी टेकली, पण गुडघे आत वळेनात. मग शेषाद्री रस्त्यावरच्या तापलेल्या धुळीत उकिडवा बसला, त्यानं तिचं एक पाऊल दोन्ही हातांत घेऊन हळूच आत ठेवलं, मग दुसरं. त्याला वेळ लागला. नीट जमत नव्हतं, सवय नव्हती.

राहू दे, मी करते, असं ती म्हणाली नाही.