अर्ध्या चित्राचा डावा पाय

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं, माझी हरकत नाही. मी त्या घरात होते. माझ्या कानांनी ऐकलंय.

सप्टेंबर १९६५. पाकिस्तानशी लढाई चालू होती. जबलपूर. नेपियर टाउनमधलं आमचं भाड्याचं घर.

भुतं रात्री येतात म्हणे.

आमच्याकडे भर दुपारी आलं.

माझे वडील, बापू, गनकॅरेज फॅक्टरीत ड्राफ्ट्समन होते. तोफेच्या गाड्यांचे नकाशे काढायचे. माझा मोठा भाऊ श्रीरंगदादा समुद्रात तरंगत राहणाऱ्या बारीक जिवांचा अभ्यास करायचा. प्लवक म्हणतात त्यांना. आई त्याला चिडवायची, "घरची नर्मदा सोडली, अन् तिकडे जाऊन खाऱ्या पाण्यातले किडे पाहून राहिला."

जूनमध्ये तो गेला. जहाजावर जाळं ओढताना लाटेने नेलं. देह मिळाला नाही.

घरी त्याची पेटी आली. मायक्रोस्कोप, काचपट्ट्या, आणि एक अर्धं चित्र.

चित्र एका कोपेपॉडचं होतं. कोळंबीचा लांबचा भाऊबंद, तांदळाच्या कणीएवढा. दादाने मला सुट्टीत सांगितलं होतं, "हेमा, नराच्या पायांची शेवटची जोडी पाहायची. त्यावरून कळतं, कोण कोणाचा सख्खा अन् कोण चुलत." हा जीव कुठल्याच घराण्यात बसत नव्हता. दादाला असा एकच सापडला होता. त्याचा उजवा पाय काढून झाला होता. डाव्याची जागा कोरी होती.

दादाच्या सरांचं पत्र आलं. चित्र पुरं झालं तर लेख श्रीरंगच्याच नावाने छापू.

बापूंनी ते मनावर घेतलं. लढाईमुळे फॅक्टरीत डबल शिफ्ट. तिथून येऊन टेबलाशी बसायचे. काचपट्टीत त्या जिवाचा डावा पाय अंगाखाली दुमडलेला होता, धड दिसेना. मग बापूंनी जन्मभर केलं तेच केलं. मधोमध सेंटर लाइन मारली आणि उजव्यासारखाच डावा उतरवला. तोफेच्या गाडीची दोन्ही चाकं सारखीच असतात.

दुसऱ्या दिवशी बापू ड्यूटीवर गेले. आई मागच्या अंगणात धुणं धूत होती. मी व्हरांड्यात गहू निवडत होते.

आणि आतल्या खोलीतून...

खस्... खस्... खस्...

कागदावर रबर घासल्याचा आवाज.

मी आत गेले. खोलीत कोणी नव्हतं.

डावा पाय पुसलेला होता. रबराचा भुगा तिथेच पडला होता. आणि त्या जागी... पेन्सिलीची एक बारीक रेघ. उजव्या पायापेक्षा वेगळ्या वळणाची.

कागदाचा कोपरा ओला होता. मी हाक मारली तशी आई आली. तिने ओल्यावर बोट ठेवलं आणि जिभेला लावलं.

"खारट आहे," ती म्हणाली आणि खालीच बसली.

संध्याकाळी बापूंनी ती रेघ पाहिली. दादा पेन्सिल कधी दाबायचा नाही. ही तशीच हलकी होती.

"दोन्ही पाय सारखे नाहीत," ते म्हणाले. "मी चुकलो, हेमा. तो दुरुस्त करून राहिला."

दादा गेल्याची तार आली तेव्हा बापू रडले नव्हते. त्या संध्याकाळी रडले.

मग रोज तेच. बापू त्या रेघेवरून पाय पुढे काढायचे, दुपारी चुकलेलं तेवढं पुसलं जायचं. थोडा थोडा खरा पाय उमटत गेला. शेवटचं टोक तेवढं राहिलं.

आणि तिथे बापू मुद्दाम चुकू लागले.

केसभर फरक चालवून न घेणारा माणूस, दादाची रेघ समोर असताना, रोज तेच टोक चुकीचं काढत होता. चित्र पुरं झालं की लेख जाणार. आणि दादा यायचा बंद होणार. मला सगळं कळत होतं. पण मलाही तो आवाज हवा होता.

युद्धबंदी झाली. बापूंना रविवारची सुट्टी मिळाली. त्या दुपारी आम्ही तिघंही खोलीच्या दाराबाहेर बसलो.

खस्...

बराच वेळ काहीच नाही.

खस्...

आणि मध्येच... धाप. पोहून दमलेल्या माणसाला लागते तशी.

आईने बापूंकडे पाहिलं. "ऐकून राहिले ना? लेकरू दमलं. लढाई थांबली, तुमची डबल शिफ्ट थांबली, अन् त्याची काहून चालू ठेवली? सोडा त्याला आता."

बापूंनी त्याच संध्याकाळी टोक बरोबर काढलं. खाली दादाचं नाव लिहिलं. सकाळी चित्र पोस्टात टाकलं.

त्यानंतर दुपारी घरात काहीच वाजेना. मला घर खायला उठायचं.

पुढे लेख छापून आला. त्या जिवाला स्वतःचं वेगळं घराणं मिळालं होतं. बापूंनी ते पान पाहिलं, रजा टाकली आणि कपाटातून कोरा कागद काढला. छापलेलं चित्र उतरवलं. डावा पाय मुद्दाम उजव्यासारखा काढला. शेजारी रबर ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

"एकदाच," ते मला म्हणाले. "निरोप द्यायचा राहिला."

आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो. आई स्वयंपाकघरात होती. ऊन पायरीवरून खाली उतरलं. फॅक्टरीचा भोंगा झाला. काही नाही.

आणि मग...

खस्... खस्...

बापू धडपडत उठले. दार ढकललं.

टेबलाशी आई उभी होती. हातात रबर. ती स्वयंपाकघराच्या दाराने आत गेली होती.

"केव्हाचे बसून राहिले तुम्ही," ती म्हणाली. "मला पाहवलं नाही."

मी कागद पाहिला. आईने उजवा पाय पुसला होता. बरोबर असलेला. कुठला चुकलाय हे तिला कुठे ठाऊक होतं.

बापूंनी तिच्या हातून रबर घेतलं नाही. तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"हळू घास," म्हणाले. "कागद फाटेल."

आता ते दोघंही नाहीत. त्याआधी रोज दुपारी यायचा तो आवाज कोणाचा होता, मला आजही सांगता येणार नाही. पण मी दुपारी झोपत नाही. कुठे काही घासल्यासारखं वाटलं की उठून बघते. कोणी नसतं. कोणी नसतं, म्हणून रडू येतं.