डाव्या बाजूचा दिवा

आमची पहिली भेट म्हणजे मी त्याला भर रस्त्यात झापलं. प्रेमाबिमाचा तिथे काही संबंध नव्हता.

मी स्कूटरवरून गॅरेजला निघाले होते. पुढे एक जुनी, फिकट निळी गाडी. ती न सांगता न सवरता डावीकडे वळली. मी कचकन ब्रेक दाबला आणि माझा जेवणाचा डबा रस्त्यावर घरंगळला. डबा उचलून मी गाडीच्या मागेच वळले आणि पुढच्या सिग्नलला काचेवर टकटक केली.

"वळताना दिवा दाखवायची पद्धत आहे. माहितीये ना?"

"दाखवला की!" त्याने इंडिकेटरची दांडी खाली ओढली. "ऐका ना... वाजतोय."

आत टिकटिक चालू होती. फार घाईची.

"मिनिटाला एकशे चाळीस," तो म्हणाला. "उजवा मात्र ऐंशीच. मला वाटलं, डावा जरा उत्साही आहे."

"मोजलंत?"

"लोकांचे कान तपासतो मी, दवाखान्यात. दिवसभर बारीक आवाजच ऐकायचे... सवय लागते."

हसू आलं, ते मी गिळलं. "उत्साही नाही, आजारी आहे. मागचा दिवा लागत नसला की तो अशी घाई करतो. पुलाखालच्या गॅरेजात आणा."

"तिथे कोण बघेल?"

"मीच. वायरिंग माझ्याकडे असतं."

"मग आणतोच," तो म्हणाला. त्या 'च'ची तिथे काहीएक गरज नव्हती.

आमचं गॅरेज म्हणजे बाबा आणि मी. बाबा इंजिन बघतात, मी वायरिंग. भिंतीवर एक फळा आहे. दुरुस्त करून दिलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली, की ज्याने काम केलं त्याच्या नावापुढे फुली. फुली पडली की आठवडाभर सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. बाबांच्या नावापुढे फुल्यांची रांग होती. माझ्यापुढे सहा वर्षांत एकही नाही, आणि मी त्याचा तोरा मिरवायचे. खोटं कशाला बोलू?

तो अकराला आला. मी मागचा दिवा उघडला. बल्ब ठीक होता, वीजही येत होती.

"ब्रेक दाबा बरं."

त्याने दाबला, आणि ज्याने गप्प बसायला हवं तो इंडिकेटरचा बल्ब मंद लुकलुकला. दोन मिनिटांत दोष सापडला. दिव्यातून गेलेली वीज गाडीच्या पत्र्यातून परत जाते. त्यासाठी दिव्याची तार जिथे पत्र्याला जोडतात, तो स्क्रू गंजला होता. पंधरा मिनिटांचं काम.

"बरं झालं," तो शेजारी उकिडवा बसत म्हणाला. "काकूंची गाडी आहे. त्यांना आता चालवायला जमत नाही. एवढा दिवा झाला की माझी ताई येऊन गाडी तिच्या गावी घेऊन जाईल."

"आणि मग तुम्ही?"

"मी काय, चालत. दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर."

म्हणजे हा माणूस पुन्हा आयुष्यात कुठल्या गॅरेजची पायरी चढणार नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्या हातातल्या पकडीकडे असं बघत होता, जणू मी काही नाजूक भरतकाम करतेय.

मी बल्बचा होल्डर घासला. नवा बल्ब लावला. त्या हलवाहलवीत सैल तार तात्पुरती पत्र्याला टेकली. दिवा लागला. गंजलेल्या स्क्रूला मी हात लावला नाही.

"झालं," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी निळी गाडी परत दारात. बाबांनी खडू शोधला, चष्मा लावला, आणि फार आनंदाने माझ्या नावापुढे फुली मारली. "या! आमच्यात स्वागत आहे."

"हसा, हसा."

"हसतोय कुठे? टिकटिकरावांना चहा दे. कप तूच विसळणार आहेस."

चहा पिता पिता तो कामाबद्दल सांगत होता. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन. आवाज आला की त्याने बटण दाबायचं, मग ह्याच्या टेबलावर छोटा दिवा लागतो.

"काहीजण आवाज नसतानाही दाबतात," तो म्हणाला.

"का?"

"नापास व्हायची भीती. काहीजण मात्र ऐकू येऊनही दाबत नाहीत."

"ते का?"

"ते... अजून कळलं नाही मला." आणि त्याने कपात बघितलं. कप कधीचा रिकामा होता.

त्या दिवशी मी गंजावरच स्क्रू आवळला. आणखी दोन-तीन दिवस टिकेल, असा माझा हिशोब होता. माझे हिशोब चुकत नाहीत.

तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता.

"एक सायकलवाले काका पडले," तो म्हणाला. "मी डावीकडे वळलो, मागचा दिवा लागलाच नाही. कोपर सोलवटलंय, बाकी काही नाही, मलमपट्टी करून घरी सोडून आलो. पण मागून बस असती तर...?"

बाबांनी हात पुसले आणि वीज तपासायचा टेस्ट लॅम्प उचलला. "तू हो बाजूला. दोनदा नाही जमलं, आता मी बघतो."

गप्प बसता आलं असतं. बाबांनी तो स्क्रू काढला असता, गाडी गेली असती, मी जराशी अडाणी ठरले असते, बस्स. खरं सांगितलं तर हा पुन्हा माझं तोंडही पाहणार नव्हता. आणि मला तो आवडत होता, चांगलाच आवडत होता.

"बाबा, दोष कुठे आहे ते मला माहितीये," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

"मग केलं का नाहीस?"

"गाडी परत यावी म्हणून."

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. फळ्यापाशी गेले, खडू उचलला आणि तसाच खाली ठेवला. "फुली चुकीला असते," म्हणाले. "याला काय घालू?" आणि ते आत निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी खाली मान घालून स्क्रू सोडवायला घेतला.

"मलाही ऐकू आलं होतं," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"पहिल्याच दिवशी. तुमच्या गेटवरच्या गतिरोधकावर टिकटिक परत एकशे चाळीस. तेव्हाच वळायला हवं होतं. पण लगेच आलो तर... बरं दिसलं नसतं. म्हणून चार दिवस तशीच चालवली."

एरवी मी लाजले असते. त्या दिवशी दोघांनाही सायकलवाले काका दिसत होते. मी पॉलिशपेपरने गंज घासून पत्रा चकचकीत केला, नवी तार जोडली, वरून ग्रीस लावलं. त्याने दांडी ओढली आणि डोळे मिटून ऐकलं.

"ऐंशी."

"आता कधीच बिघडणार नाही," मी म्हणाले. इतकं चांगलं काम मी इतकं वाईट वाटून घेत कधीच केलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही काकांकडे गेलो. मी सगळं कबूल केलं, त्यांच्या सायकलचं वाकलेलं चाक सरळ करून दिलं. त्यांनी दोघांना मिळून चांगलं फैलावर घेतलं.

रविवारी ताई गाडी घेऊन गेली, असं त्याने फोनवर कळवलं. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. मी आठवडाभर कप विसळले. तो आला नाही. यायला गाडीचं निमित्त उरलं नव्हतं, आणि मी बोलवायचं तरी कुठल्या तोंडाने?

आठव्या दिवशी बाबा इंजिनात डोकं घालूनच म्हणाले, "दिवसभर ठोकाठोकीत असतेस. कान तपासून ये एकदा."

"माझे कान चांगले आहेत."

"तेच लिहून आण त्याच्याकडून."

दवाखान्यात त्याने मला ओळख दाखवली नाही. फक्त हेडफोन देताना हात जरा अडखळला. मी बंद खोलीत बसले. काचेपलीकडे तो. आधी बारीक सूर आले, एकेक मंद होत जाणारे. मी बटण दाबत गेले.

"आता शब्द," त्याचा आवाज कानात आला. "ऐकू आला की दाबा. खिडकी... पाऊल..." आवाज उतरत गेला. "चहा..."

तो माझ्याकडे न बघता समोरच्या यंत्राकडे बघत होता.

"मला तुम्ही आवडता," अगदी तळातून आलं. "ऐकू आलं नसेल तर परत सांगतो."

नाही दाबलं तर पुन्हा ऐकायला मिळणार होतं. दोनदा, कदाचित तीनदाही. तेवढ्यात मला तो गंजलेला स्क्रू आठवला.

मी बटण दाबलं. त्याच्या टेबलावर छोटा दिवा लागला. त्याने मान वर केली, आणि मी बोट काढलंच नाही.