पन्नास मैलांची थरथर

“मंगळवारी माही नोकरी जाते, साहेब. गाडी थरथरते म्हनून.”

एवढे बोलून दारातल्या माणसाने चपला बाहेर काढल्या. धर्मपाल गवईने त्याला खुर्ची दिली.

अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या खोलीत धर्मपाल खाजगी तपासाची कामे घेई. बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षे तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. प्रत्येक गोष्ट मोजण्याची सवय तिथली. खिडकीशी बसलेले शेषराव हे मोटार कंपनीतून निवृत्त झालेले कंडक्टर. धर्मपालला मदत करतो असे ते सांगत. बहुतेक वेळा ते पान लावत.

“नाव?”

“मोतीराम. वकील भगवंतरावांचा डायवर. दर मंगळवारी अकराले अकोल्याच्या कोर्टात त्यायले पोचवाचं असते. या मंगळवारी गाडी थरथरली तं किल्ली रामरावले देतो म्हन्ले.”

“किती वेगाला थरथरते?”

“पंचेचाळीस मैलाले सुरू होते. पन्नासले स्टेरिंग हातात राहत नाई. चाळीसच्या खाली लोन्यावानी चालते.”

“पन्नासच्या पुढे?”

“साठले कमी होते. पन आता तितकी हिंमत कोन करते?”

धर्मपालने वहीत आकडे लिहिले. “केव्हापासून?”

“दसरा झाला आन् सुरू झालं. पंधरा दिस झाले. दसऱ्याच्या आठ दिस आधी नागपूरच्या मोठ्या कारखान्यात नवे टायर टाकले. त्यायनं पुढची दोन चाकं एका उभ्या लोखंडी सुयावर ठेवून पाह्यली, कायतरी ठोकठाक केली. येतानी साठनं आलो, पोटातलं पानी हाललं नाई.”

“वकीलसाहेबांचं म्हणणं काय?”

मोतीरामने मान खाली घातली. “का माहे हात थरथरतात. मी पितो म्हनून. रामरावनं कान भरले.”

“पिता?” शेषरावांनी विचारले.

“दारूपायी माह्या बापाचं वावर गेलं, काका. म्या थेंब नाई शिवला.”

तिघे गाडीने निघाले. बडनेरा मागे पडल्यावर मूर्तिजापूरचा रस्ता सरळ होतो. दोन्ही बाजूंना कापसाची बोंडे फुटली होती. गाडी १९४८ सालची, काळी, विलायती. नंतरची तेरा वर्षे तिने याच रस्त्यावर काढली होती. काटा पंचेचाळीसवर आला आणि स्टिअरिंग जात्यासारखे घरघरू लागले. मोतीरामचे हात गच्च आवळलेले होते.

“गिअर काढा,” धर्मपाल म्हणाला.

इंजिनाचा आवाज खाली बसला. गाडी आपल्या ओढीने धावत राहिली आणि थरथर तशीच राहिली.

“इंजिन सुटलं. थांबवा.”

एका निंबाखाली त्यांनी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली. पुन्हा पन्नास मैल. आता स्टिअरिंग शांत होते. मागच्या सीटवर मात्र शेषरावांचा पानाचा डबा उडून खाली पडला.

“अरे बाप्पा! आता माह्या बुडाखाली भूकंप हाय!”

“छान,” धर्मपाल म्हणाला.

“तुले छान वाटून राह्यलं?”

“थरथर चाकांबरोबर मागे गेली, काका. म्हणजे खोड चाकांत आहे. मोतीरामच्या हातांत नाही.”

मोतीरामने गाडी कडेला घेतली.

धर्मपाल खाली उतरून चाकांशी उकिडवा बसला. दसऱ्याच्या पूजेत चारही रिमांना गेरू लावला होता. थरथरणाऱ्या दोन्ही चाकांच्या काठावर मात्र एकेक कोरा डाग होता, सरळ कडांचा, गेरूशिवायचा. त्याने फुटपट्टी लावली. एक डाग दोन इंच, दुसरा तीन.

“रामरावच असन,” शेषराव म्हणाले. “ज्याचा किल्लीवर डोया, त्याचाच हात.”

भगवंतरावांच्या फाटकाशी रामराव बसलेला होता. उजवे मनगट किंचित वाकडे.

“तेवीस वर्षं म्या साहेबायची गाडी चालवली,” तो म्हणाला. “हात मोडला म्हनून सहा महिन्यासाठी हा मोतीराम आला. हात जुळला, पन किल्ली काही वापस नाई आली. काहून? तर म्हने मोतीराम टायमावर पोचवते! म्या काय बैलबंडी हाकत होतो?”

“दसऱ्याला गेरू कुणी लावला?”

“म्याच. तेवढा मान तरी माह्याजवळ ठेवला. तीनदा हात देल्ला. काठावरची तीयाएवढी जागा सोडली नाई. काही उंच असो, खोल असो, सगयं लाल.”

“आणि मोतीराम पितो हे कुठे पाहिलंत?”

रामरावने फाटकाकडे पाहिले. “पाह्यलं नाई. पन हात थरथरतात म्हन्ल्यावर दुसरं काय असन?”

नत्थुजी मिस्त्रीचे गॅरेज वलगाव रस्त्यावर होते. म्हातारा एका जीपखालून बाहेर आला आणि प्रश्न विचारण्याआधीच बोलू लागला.

“तेरा वर्षं ते गाडी माह्या हातची. खोकली तरी मले समजते. आन् टायर टाकाले नागपूर! मले इचारलं बी नाई. त्या मोतीरामनंच भरवलं असन. नागपूरवाला काय आभायातून पडला?”

“दसऱ्यानंतर गाडी तुमच्याकडे आली होती?”

“दुसऱ्याच दिशी. पुढच्या चाकायच्या बेरिंगात ग्रीस भरलं. ग्रीस भरतानी बरा आठोतो नत्थुजी!”

त्याने जीपचे बॉनेट उचलले. आत एका कोपऱ्यात हिरव्या रंगाची टिकली होती.

“हे माही खून. इथल्या हरेक मिस्त्रीची आपली खून असते. कोनाची पांढरी रेघ, कोनाचा निया ठिपका. बॉनेट उचललं का समजते गाडी कोनाची. आन् दुसऱ्याची खून घेऊन आलेली गाडी मी तशीच जाऊ देत नाई. पुसतो आन् मंग माही लावतो.”

“ही रीत नागपूरवाल्यालाही ठाऊक असेल?”

“त्याले तर आपला शिक्का ठोकाची लयच हौस!” नत्थुजी चिडून म्हणाला.

फळीवर वर्तमानपत्र पसरले होते. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर करड्या धातूचे दोन लहान तुकडे ठेवले होते, बोटासारखे, जरासे वाकलेले, वरच्या बाजूने लालसर. धर्मपालने बातमी वाचण्यासाठी ते सरकवले. मग फुटपट्टी खिशात टाकली आणि आभार मानले.

बाहेर आल्यावर शेषराव म्हणाले, “हा बुढा निस्ता जयतो, बाकी काही नाई. रामरावलेच धरू.”

“जळणारे दोघं आहेत, काका. चाक कुणाच्या हातात होतं, ते बघायचं.”

मंगळवारी सकाळी आठला भगवंतरावांच्या अंगणात सगळे जमले. वकीलसाहेब काळा कोट घालून तयार होते. किल्ली त्यांच्या मुठीत होती. रामराव त्या मुठीकडे बघत होता. धर्मपालच्या निरोपावरून नत्थुजीही आला होता आणि फळीवरचे दोन्ही तुकडे धर्मपालने सांगून मागवले होते.

“थोडक्यात सांगा,” भगवंतराव म्हणाले. “अकराची तारीख आहे.”

“थोडक्यातच आहे. कोणतंही चाक अगदी सारखं भरलेलं नसतं. एखादी बाजू चार-दोन तोळे जड असते. हळू चालताना ते कळत नाही. पन्नासच्या आसपास मात्र त्या जड बाजूचे हिसके गाडीच्या सांगाड्याच्या आपल्या झुलण्याशी नेमके जुळतात आणि गाडी थरथरते. वेग आणखी वाढला की जुळणी सुटते. म्हणून साठला थरथर कमी.”

“मग नागपूरहून येताना का नव्हती?”

“कारण तिथं पुढची चाकं तोलून घेतली होती. सुळ्यावर ठेवलेल्या चाकाची जड बाजू खाली झुकते. समोरच्या काठावर शिशाचा तुकडा ठोकला की चाक समतोल. मोतीरामने ती ठोकठाक पाहिली, अर्थ त्याला कळला नाही. ते तुकडे कुणीतरी काढले.”

“रामराव!” शेषराव न राहवून म्हणाले.

“रामरावांनी गेरू लावला तेव्हा ते जागेवर होते. त्यांनी तीळभर जागा सोडली नाही, तरी काठावर दोन कोरे डाग राहिले. म्हणजे त्या जागा शिशाने झाकल्या होत्या. तुकडे पूजेनंतर निघाले. आणि पूजेच्या दुसऱ्या दिवशी पुढची चाकं उतरवली होती, ग्रीस भरायला.”

सगळ्यांच्या माना नत्थुजीकडे वळल्या.

“नत्थुजी, तुमच्या फळीवरचे तुकडे दोन आणि तीन इंचांचे आहेत. रिमांवरचे डाग दोन आणि तीन इंचांचे. तुकड्यांना वरून गेरू लागलाय. आणि दोन्हींवर आकडे कोरलेत. ते वजनाचे आहेत.”

म्हाताऱ्याने तुकडा हातात घेऊन फिरवला.

“वजनाचे? मले वाटलं कारखान्याचा नंबर हाय. माह्या गाडीवर त्यानं आपली खून ठोकली, ते बी चाकावर, साऱ्या गावाले दिसन अशी. मंग म्या पेचकसानं उपटली.” तो मोतीरामकडे न बघता म्हणाला, “तुया नोकरीवर येईन असं मनात बी नव्हतं रे. निस्ता जीव जयत होता.”

धर्मपालने कोऱ्या डागांवर तुकडे ठेवले. दोन्ही चपखल बसले. नत्थुजीने स्वतःच हातोडी मागून घेतली आणि ते ठोकले.

तासाभरात मोतीराम गाडी बडनेऱ्यापलीकडे नेऊन परत आला. शेजारी भगवंतराव होते. काटा पंचावन्नपर्यंत गेला होता. उतरताना वकीलसाहेबांनी किल्ली पुढे केली.

“घे. तुझीच.”

मोतीरामने हात पुढे केला नाही.

“साहेब, एक गोष्ट म्या यायले बी सांगतली नाई. लाज वाटली.” त्याने धर्मपालकडे पाहिले. “पंधरा दिस रोज सकायी किल्ली देन्याच्या आधी तुमी माह्या तोंडाचा वास घेतला. फाटकाच्या आत घेतला, तरी रामराव पाहे. माह्या बायकोले, भागीरथाले, समजलं, ते रडली. आज घ्या अजून एकदा. पन सगयायसमोर घ्या, आन् काय वास आला ते मोठ्यानं सांगा.”

रामराव हळूच उठू लागला.

“बस, रामराव,” भगवंतराव म्हणाले. “तूही ऐक.” मग मोतीरामकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “वास घेत नाही. त्याची गरज पहिल्या दिवशीही नव्हती. मी ऐकीव गोष्टीवर निकाल दिला. चूक माझी आहे, मोतीराम.”

मोतीरामने किल्ली घेतली. खांद्यावरच्या दुपट्ट्याने समोरची काच पुसली, मागचे दार उघडून धरले.

“बसा साहेब. साडेनऊ वाजले. चाळीसनं गेलं तं तारीख चुकन.”