सामाईक साखर

“तुमच्या मशीननं आज मला कॉफी नाही, पाक पाजला!”

तो दारात उभा होता. हातात कागदी कप, कानावर पेन्सिल. तिसऱ्या मजल्यावरचा नकाशे काढणारा.

तिनं मान वर केली. या नोकरीच्या तीन महिन्यांत तिच्या खोलीच्या दारात येणारा तो पहिलाच. घरी गेलं तरी कुलूप, एक ताट आणि भिंतीपलीकडच्या माणसांचं हसणं.

कॉफीच्या मशीनचा प्रोग्राम तिचाच. त्यात ‘माणूस’ नावाचा एक साचा होता आणि ऑफिसातला प्रत्येक जण त्याच साच्यातून निघालेला. नाव ज्याचं त्याला दिलं. साखर मात्र घाईत साच्यावरच लिहिली गेली. त्यामुळे एकानं मशीनला तीन चमचे सांगितले की अख्ख्या ऑफिसला तीन चमचे!

“बघते उद्या.”

“बघा हं. नाहीतर चारला मी आहेच.”

दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्या दिवशीही आला. कधी कप गोडमिट्ट, कधी कडूजहर… चूक तिला पहिल्याच संध्याकाळी सापडली होती. एक ओळ हलवायची, झालं. पण हात उचलवेना. दुरुस्त केलं, तर चारला येणार कोण?

आठव्या दिवशी फाटकावरचे रखवालदार काका आले. “पोरी, मला साखर वर्ज्य गं. अर्धा कप पोटात गेल्यावर कळलं.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांची पाठ वळताच तिनं ती ओळ हलवली. आता ज्याची साखर त्याच्यापाशी.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. सव्वाचार. जिन्यात पावलं वाजली — आणि पुढं निघून गेली.

साडेचारला तो आला. रिकाम्या हातानं.

“आज तक्रार नाही?” तिनं विचारलं.

“तीच तर पंचाईत! अर्धा तास जिन्यात निमित्त शोधतोय.” त्यानं पेन्सिल बोटांत फिरवली. “खरं सांगू? दुसऱ्या दिवसापासून मशीनवरची साखर मीच मुद्दाम बदलत होतो. काकांचं कळलं, आणि… सकाळीच त्यांची माफी मागून आलो.”

“मला चूक पहिल्याच दिवशी सापडली होती,” ती हळूच म्हणाली.

त्यानं पेन्सिल परत कानावर खोचली. “म्हणजे चूक दोघांची?”

“सामाईक.”

“आणि चारची वेळ? ती ज्याची त्याची?”

शेजारच्या खुर्चीवर महिनोन्‌महिने फायलींचा ढीग बसला होता. तिनं तो उचलून खाली ठेवला.

“ती राहू दे सामाईक,” ती म्हणाली. “पण आधी फाटकापर्यंत चला सोबत… माझी माफी मागायची राहिलीय.”