न बनवलेला दिवा

होबार्टच्या बंदरावर एक जुनं लोकरीचं गोदाम आहे. खाली कॅफे, वर वर्ग. नवा धंदा कसा काढायचा, याचं मास्टर्स तिथे शिकवतात. ब्रॉन हॅडलीच्या गावात, साउथपोर्टला, असलं काही शिकावं लागतं हे कोणाला सांगितलं तर लोक हसतील. तिथे बोट असली तर बोट, नाहीतर सॅमनच्या कारखान्यात उभं राहून मासे साफ करायचे. ब्रॉनने कॉलेजच्या सगळ्या सुट्ट्या तेच केलं होतं. नखांतला वास कितीही घासा, जायचा नाही.

आता तिचा कोर्स संपत आला होता. शेवटच्या दिवशी प्रत्येक जोडीने आपला धंदा पैसेवाल्या मंडळींसमोर मांडायचा. निवडतील त्या जोडीला याच गोदामात वर्षभर जागा आणि पगार. बाकीच्यांनी आपापल्या घरी जायचं. ब्रॉनचं घर म्हणजे आई, टिंकर नावाचं खवीस कुत्रं आणि तो वास. तिला घरी जायचं नव्हतं. विषय संपला.

शिकवायला लोर्ना पास्क. केस पांढरे, बूट लाल, बोलणं फटकळ.

"वस्तू बनवू नका," ती पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडत होती. "आधी बघा कोणाला हवीय का. नाहीतर वर्ष घालवाल आणि तिकडे कुत्रं फिरकणार नाही."

त्यासाठी तिने एक युक्ती शिकवली होती. ती तिला खोटं दार म्हणायची. नसलेल्या वस्तूचं पान इंटरनेटवर टाकायचं. फोटो, चार ओळी, खाली बटण: 'मला हवंय'. माणसाने नाव-पत्ता भरून बटण दाबलं की सांगायचं, माफ करा, अजून तयार नाही. दारामागे काहीच नसतं, पण ठोठावणारे किती आहेत ते कळतं.

ब्रॉनने दिवा घेतला. खिडकीत ठेवायचा दिवा. तुम्ही ज्याची वाट बघताय ते माणूस घराजवळ आलं की आपोआप लागणारा. कल्पना कुठून आली ते तिने वर्गात सांगितलं नाही. तिचा बाप खेकडे-शेवंडीच्या बोटीवर होता. ती शाळेत असताना बोट गेली ती गेलीच. आई अजून पडवीतला बल्ब जळत ठेवते, दिवसासुद्धा.

फोटोसाठी तिने जर्दाळूच्या जॅमची रिकामी बरणी घेतली, आत केक भाजायचा कागद गुंडाळून बसवला, त्यात टॉर्च खुपसला. बरणीच्या तोंडाला एक टवका उडालेला होता. कागदावर तिच्या अंगठ्याचा सॉसचा डाग पडला, कारण ती एका हाताने चिप्स खात होती.

"डाग दिसतोय," तुआन म्हणाला. तुआन तिचा जोडीदार, ग्लेनॉर्कीचा, त्याच्या आईबापांची तिथे बेकरी. पान बनवायचं काम त्याचं.

"राहू दे. घरगुती वाटतं."

"घाणेरडं वाटतं, हॅडली."

"तुझ्या तोंडापेक्षा बरं आहे."

तुआनने पानावर एक जादा चौकोन टाकला: 'तुम्ही कोणाची वाट बघताय?' लोकांना असलं लिहायला आवडतं, म्हणाला. फोटो काढून झाला तसा ब्रॉनने कागद फेकला, बरणी धुतली आणि न्हाणीघरात टूथब्रश ठेवायला घेतली. दिवा तेवढाच होता. तेवढाच, आणि तोही गेला.

पान चढलं त्याच दुपारी तुआन खुर्चीवरून पडायच्या बेतात हसत होता. "पहिलं गिऱ्हाईक बघ! मॉरीन हॅडली, साउथपोर्ट. वाट कोणाची बघताय? ब्रॉन."

"मम पण ना," ब्रॉन म्हणाली. तिचे कान तापले. "काढून टाक ते."

"का? आईचं मत धरायचं नाही का?"

त्याने ठेवलं. पुढे धडाधड नावं आली. लोर्ना मागे उभी राहून बघायची आणि काही बोलायची नाही. ती बोलली नाही म्हणजे खूश.

मग एका सकाळी पानावर निरोप आला. पर्ल डनबॅबिन नावाच्या बाईचा, स्ट्रॅहनहून. 'दिवा मिळाला. छान बांधून पाठवलात. काल रॉन आला तसा लागला. आभार.'

ब्रॉनने लॅपटॉप तुआनकडे फिरवला. "मजा वाटते तुला?"

"मी नाही केलं."

"मग तुझ्या भुताने केलं? उद्या लोर्नाने बघितलं तर खोटे निरोप लिहिले म्हणून दोघांना हाकलेल!"

"अगं मी नाही केलं! मला एवढं चांगलं लिहिता येतं का?"

हे खरं होतं. त्याचं लिखाण म्हणजे किराणा मालाची पावती.

दुसऱ्या दिवशी आणखी आले. क्वीन्सटाउनहून, फ्लिंडर्स बेटावरून. दिवा मिळाला. दिवा लागला. एका म्हाताऱ्याने एवढंच लिहिलं, 'ती आली.' तुआनचं म्हणणं, दुसऱ्या कुठल्यातरी जोडीचा डाव. ब्रॉनला पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. पर्लबाईने नंबर दिला होता. तिने सरळ फोन लावला.

"अगंबाई, दिव्यावाली का!" मागे रेडिओ चालू होता, कशावर तरी चमचा आपटत होता. "पर्लच म्हण गं मला."

"पर्ल, दिवा तुम्हाला कोणी आणून दिला?"

"पायरीवरच होता बाळ. पोस्टाचं माणूस वाजवतंय कुठे हल्ली."

"आणि तुमचे मिस्टर... रॉन, ते रोज कधी येतात?"

"अंधार पडला की." पर्लने रेडिओ बारीक केला. "पूर्वी कुठे यायचा? मॅक्वारी खाडीच्या तोंडाशी बोट उलटली त्याची. बरेच हिवाळे झाले आता."

ब्रॉनने फोन कानाशी घट्ट दाबला.

"दिवा लागतो, मी दार उघडते, तो बसतो," पर्ल म्हणाली. "बोलत नाही फारसा. आधी तरी कुठे बोलायचा? हात तेवढे गार असतात. मी धरून बसते, पण गरम होत नाहीत."

"पर्ल, मला त्या दिव्याचा फोटो पाठवाल?"

फोटो लगेच आला. मेणकापडाच्या टेबलावर जॅमची बरणी. तोंडाला टवका. आतल्या कागदावर अंगठ्याएवढा लाल डाग.

ब्रॉन खोलीवर गेली. न्हाणीघरात तिची बरणी जागेवर होती, दोन टूथब्रश घेऊन. तिने ते बाहेर काढले आणि बरणी खिडकीकडे धरून फिरवली. टवका तोच. कडेचं चंद्रकोरीसारखं वळण, तेही तेच.

परत वर्गात येऊन तुआनला तिने सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्याने क्वीन्सटाउनवालीकडूनही फोटो मागवला, मग त्या म्हाताऱ्याकडून. टवका, डाग. टवका, डाग.

"पान बंद करतो," तो म्हणाला. "आणि लोर्नाला सांगायचं."

"काय सांगणार? आपण न बनवलेली वस्तू पोचतेय?"

"हो."

"उद्या मांडणी आहे, तुआन! परवा माझी खोली सुटते. तुझ्या आईबापाची बेकरी आहे. मला काय आहे? कारखाना."

"त्या बाईच्या घरात कोण येऊन बसतंय ते माहितीय का तुला?"

"ती खूश आहे."

"मी ते विचारलं नाही."

"मला हेच सांगायचंय!" ब्रॉन ओरडली. खालच्या कॅफेतली माणसं वर बघायला लागली. "लोकांना हवंय. बस. लोर्ना हेच शिकवते ना?"

तुआनने पान बंद केलं आणि बॅग उचलली. दारात थांबून म्हणाला, "आईचं नाव पहिलं होतं, हॅडली. त्या चौकोनात तुझं नाव आहे. तिला फोन कर."

"मी जिवंत आहे. ऐकलंस? मला कशाला आणेल कोणी?"

तो गेला. तिने फोन केला नाही. आईला फोन केला की आई विचारणार, कधी येतेस. मांडणी होऊ दे, मग करू.

मांडणीला ती एकटी उभी राहिली. जोडीदार आजारी आहे, म्हणाली. चांगलं बोलली. रागात असली की ती चांगलंच बोलायची. लोकांची पत्रं वाचून दाखवली, पर्लचं नाव न घेता. 'ती आली' हे वाचलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले.

शेवटी जाडा स्वेटर घातलेला एक माणूस म्हणाला, "एक शंका आहे. आलेलं माणूस तेच आहे, हे दिव्याला कसं कळणार?"

ब्रॉनने स्वेटरवाल्याकडे बघितलं. मग म्हणाली, "घरी आपलंच माणूस येतं. दुसरं कोण येणार?"

सगळे हसले. टाळ्या पडल्या. लोर्नाने मागून लाल बूट जमिनीवर आपटला, म्हणजे शाबास.

तिची निवड झाली.

बाहेर आली तेव्हा दिवस मावळत होता. डोंगरावर बर्फ, धक्क्यावर वारा. तिने टपरीवरून कालवं भरलेली गरम पेस्ट्री घेतली, बोटी बांधायच्या खुंटावर बसली आणि आईला फोन लावला. आज सांगून टाकायचं. येत नाही मी, वर्षभर तरी नाही.

"मम, ऐक—"

"दिवा कसला गोड आहे गं!" आईचा आवाज फुललेला होता. "तूच बनवलायस ना? अंगठ्याचा डाग बघूनच ओळखलं. लहानपणापासून तशीच तू, सॉस खायची आणि सगळीकडे पुसायची."

ब्रॉनने हातातली पेस्ट्री खाली ठेवली.

"कधी आला?"

"आज. आत्ता लागलाय बघ. म्हटलं पोरगी सांगतसुद्धा नाही, येतेय म्हणून."

"मम, मी होबार्टला आहे."

आई हसली. "हो का? मग पडवीत बूट कोण काढतंय?"

"मम. दार उघडू नकोस."

"वेडी आहेस का? थंडीत उभी करून ठेवू?"

"मम, मी इथे आहे. धक्क्यावर आहे. माझं ऐक, कडी—"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. बंद केला नव्हता.

चपला फरशीवरून घासत गेल्या. साउथपोर्ट गाडीने दीड तास. ब्रॉन उभी राहून ओरडत होती. धक्क्यावरचे दोघे-चौघे थांबून बघायला लागले.

ती टिंकरच्या भुंकण्याची वाट बघत होती. पोस्टाच्या माणसालाही तो पायरी चढू द्यायचा नाही.

टिंकर भुंकला नाही.

त्याची शेपटी लाकडी जमिनीवर आपटत होती. धप, धप, धप. ती फक्त ब्रॉनसाठीच तशी आपटायची.

कडी निघाली.

वाऱ्याचा आवाज आत आला. मग दार लागलं, आणि वारा थांबला.

"ये गं बाई, ये," आई म्हणत होती, फोनपासून लांब. "दे बघू इकडे. अगं, हात किती गार तुझे."