डावी भिंत

मुरुम गावच्या शिवलिंगप्पा शेठजींना दिवाळीआधी घर रंगवायचं होतं. शेठजी भलतेच मिश्कील! उजवी बाजू त्यांनी जुन्या बंडप्पा पेंटरांना दिली, डावी नव्या नंदीशला. ज्याचं काम चोख, त्याला त्यांच्या मंगल कार्यालयाचं सगळं काम मिळणार होतं.

बंडप्पांचा हात आता थरथरायचा. ते खाली स्टुलावर बसून हुकूम सोडायचे आणि शिडीवर चढायची त्यांची लेक, शिवप्रिया. पहिल्याच सकाळी ती दोन्ही भिंती मिळतात त्या कोपऱ्याशी वाकली आणि पलीकडून आलेला ब्रश थेट तिच्या गालावर... पिस्ता रंग!

"अवो, भिंत तिकडं हाय," ती फणकारली.

"दिसली न्हाय," नंदीश हसला. "हिकडं बघितल्यावर तिकडचं काय दिसतंय?"

मग काय विचारता! चार दिवस त्याचा ब्रश 'चुकून' हद्द ओलांडायचा, हीसुद्धा 'चुकून' त्याची शिडी हलवायची. तो तिला आवडला होता, अगदी मनापासून.

पाचव्या दिवशी तो हळूच म्हणाला, "जिंकलो तर इथंच ऱ्हाईन... तुझ्या अप्पांकडं मागणी घालीन. हरलो तर पुण्याला जावं लागंल, गावात दुसरं काम न्हाय."

"अन् अप्पा हरले तर?"

तो शिडी उचलून पलीकडं गेला.

त्या दुपारी शेवटचा हात मारताना शिवप्रियानं ब्रश मुद्दाम जास्त बुडवला. दोन ओघळ सोडले की झालं... पण खालून अप्पा म्हणाले, "पोरी, तू माझी लाज राखलीस बघ." तिनं ब्रश डब्याच्या काठावर निपटला आणि काम चोख केलं.

सकाळी पाहते तर नंदीशच्या भिंतीवर फोडच फोड! ओल्या पुट्टीवर रंग — शिकाऊसुद्धा असं करत नाही. तो पिशवी भरत होता.

"मुद्दाम केलंत ना?"

"व्हय. मला कुठंबी भिंत मिळंल. अप्पांनी ह्या वयात कुठं जावं?"

"मलाबी हरायचं होतं ओ... हातच धजला न्हाय." तिला रडू कोसळलं. "लई जीव जडलाय तुमच्यावर."

"मग चल की... पुण्याला."

तिनं स्टुलावर बसलेल्या अप्पांकडं पाहिलं. नंदीशनंही पाहिलं. त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि तो स्टँडकडं निघून गेला.

शेठजींनी कार्यालयाचं काम तर दिलंच, वर डावी भिंतही बंडप्पांनाच दिली. किती खूश होते अप्पा!

"खरवड पोरी! त्या पोराचा एक ठिपका ऱ्हाता कामा न्हाय."

"व्हय अप्पा," शिवप्रिया म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून खरवडू लागली.